माझ्या रक्ताचे थेंब आणि सासूबाईंचा श्रावण

सरळच सांगते. उल्हासनगरात आमच्या गल्लीत जीन्सचे जेवढे कारखाने आहेत, त्या सगळ्यांत माझ्याइतकी चांगली चेकर नाही. हे मी एकटी म्हणत नाही, आमचे शेठही म्हणतात, फक्त माझ्यासमोर म्हणत नाहीत. पँट शिवून, धुऊन, काज-बटण होऊन आली की शेवटी माझ्या टेबलावर येते. टाका सुटलेला असो, खिसा वाकडा बसलेला असो की कुठे डाग राहिलेला असो, मी ती बाजूला फेकते आणि म्हणते, "आल्टर." आल्टर म्हणजे परत कारागिराकडे, उसवा आणि पुन्हा शिवा. कारागिरांना माझा राग येतो. यायलाच पाहिजे, नाहीतर मी तिथे बसून काय उपयोग?

आणि हे सगळं मी ज्या डोळ्यांनी करते त्यांना स्वतःचं पाणी नाही.

हे कळायला दोन वर्षं गेली. जीन्सच्या कारखान्यात हवेत निळे तंतू उडत असतात, सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात, त्यामुळे माझे जरा जास्त चुरचुरतात याकडे मी लक्षच दिलं नाही. गुलाबपाणी घालून झालं, काकडीच्या चकत्या ठेवून झाल्या, शेजारणीच्या सांगण्यावरून गाईचं तूपही लावून झालं. सकाळी पापणी उघडताना आतून काहीतरी सोलून निघाल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा मुंबईच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. चांगल्या डोळ्यांत ती पट्टी भिजते. माझी जवळजवळ कोरडीच निघाली. "पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी सुकत चालल्यात," त्या म्हणाल्या. "हे पूर्ण बरं होणार नाही. पण नीट सांभाळलंत तर काम करता येईल." मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

तोवर टेबलावर व्हायचा तो घोळ होऊन गेला होता. माझ्या हातून पास झालेला एक अख्खा लॉट व्यापाऱ्याने परत पाठवला होता. शेठ सिंधी आहेत, मनाने वाईट नाहीत, मला 'अदी' म्हणतात, म्हणजे ताई. पण माल परत आला की ते कुणाचे भाऊ नसतात. त्यांनी मला टेबलावरून उठवून खाली सतरंजीवर धागे कापायला बसवलं. त्यात कमीपणा आहे असं नाही, मीही तिथूनच वर आले. पण वर चढून पुन्हा खाली बसायचं, आणि ज्यांचे पीस आपण परत फेकले त्यांच्या पायांशी बसायचं, याची मला फार लाज वाटली. अजूनही आठवलं की कान गरम होतात.

डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी दिल्या. एक सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, छोट्या छोट्या कुप्यांत. त्याने डोळा धुतला जातो, आत गेलेले तंतू निघतात, पण त्याने डोळा भरून येत नाही. भरून यायला दुसरी गोष्ट, सिरमचे थेंब. ते कुठल्या कंपनीत होत नाहीत, ते माझ्यातच होतात. दर दोन-तीन महिन्यांनी इस्पितळात माझं रक्त काढतात, यंत्रात फिरवतात, वर राहिलेलं पिवळसर पाणी काढून त्यात सलाइन मिसळतात आणि बारक्या बाटल्या भरून देतात. त्या बर्फाच्या डब्यातून घरी आणायच्या, फ्रीजरमध्ये ठेवायच्या, एका वेळी एकच बाटली बाहेर काढायची आणि ती फ्रीजच्या खालच्या भागात ठेवून आठवड्यात संपवायची. एकदा वितळलेली बाटली पुन्हा गोठवायची नाही. उन्हात धरायची नाही. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही.

असले नियम मला आवडतात. माझं आयुष्य नियमावर चालतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी तक्ता लावला, थेंब घातला की खूण. कारखान्यात दर तासाला सलाइन. टेबल पंख्याखालून हलवायला लावलं, त्यासाठी शेठशी तीन दिवस भांडले. अंबरनाथहून उल्हासनगरला शेअर रिक्षाने जाते, तिथे वारा थेट डोळ्यांत येतो, म्हणून बाजूने झाकलेला मोठा चष्मा घेतला. रिक्षावाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, वेल्डिंगला चाललात काय?" मी म्हटलं, "हो, तुझ्या गाडीचं दार लावायला." रिक्षाला दार नसतं हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

दोन महिन्यांत डोळे इतके सुधारले की मीच शेठकडे गेले आणि म्हटलं, टेबल द्या. त्यांनी दिलं. वर बजावलं, "अदी, देखो, एक बार हो गया. दुसऱ्यांदा माल वापस आला तर मी काय नाय बोलणार, टेबल दुसरीला जाणार." मी म्हटलं, मंजूर. वर्षभर एकही लॉट परत आला नाही. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, मी रक्त घालून करत होते, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

कुणाला म्हणजे घरीसुद्धा. नवऱ्याला माहीत होतं, पण तो एमआयडीसीत फिटर, घरी आला की दहा शब्द बोलतो, त्यांत हा विषय येत नसे. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की डोळ्यांचं औषध आहे, हात लावायचा नाही. रक्त हा शब्द मुद्दाम गाळला. सासूबाई मूळ बदलापूरच्या पुढच्या एका गावातल्या, भातशेतीतल्या. अकरा महिने घरात मासे-मटण चालतं, त्यांच्या हातचं सुकं मटण खाऊन माणूस बोटं चाटतो. पण श्रावण म्हणजे श्रावण. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो एकदाही मोडला नाही. चारही सोमवारी पहाटे उठून शिवमंदिराच्या रांगेत उभ्या राहतात आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी घरातली भांडी, ओटा, फ्रीज सगळं घासून काढतात. अशा बाईला फ्रीजमध्ये रक्त आहे हे कोण सांगणार? मी हुशार, मी गप्प बसले.

त्या वर्षी श्रावणाच्या आदल्या दिवशी मी कामावरून घरी आले ती फ्रीज उघडून एकदम खूश झाले. आत लख्ख. लिंबाचा वास. मग फ्रीजर उघडला. एरवी भिंतींवर बोटभर जाड बर्फ साठलेला असतो, तो सगळा गायब होता. माझा डबा होता, पण त्यातल्या बाटल्या मी रचते तशा आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या, एका ओळीत, पुसलेल्या. सगळ्या घट्ट गोठलेल्या.

"आई, फ्रीज बंद केला होता?"

"सकाळीच केला. बरफ नको काढायला? गेल्या वर्षी तूच काढलास, यंदा म्हटला मी काढते."

"आणि माझं औषध?"

"ता मी नीट ठेवला," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून मग हात लावला. पितळेच्या घंगाळात घालून खिडकीत ठेवला, कोणाचा पाय लागायला नको. दुपारी परत आत."

सकाळपासून दुपारपर्यंत खिडकीत. इतक्या आदराने माझ्या औषधाची वाट आजवर कुणी लावली नव्हती. मी इस्पितळात फोन केला, तिथल्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं की सगळं टाकून द्या. खालच्या भागातली उघडी बाटलीही गरमच राहिली होती. मी एकेक बाटली मोरीत रिकामी केली. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"परत गोठला ना ता? मग काय बिघडला?"

तेव्हा माझा तोल गेला. "ते औषध दुकानात मिळत नाही आई. ते माझं रक्त आहे. माझ्या अंगातून काढून, त्याचं करून देतात."

एवढं बोलल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. सासूबाईंनी फ्रीजकडे बघितलं. नैवेद्याचं दूध तिथेच असतं, वर्षानुवर्षं. "म्हणजे गेल्या श्रावणात पण ता आतच होता?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या आत जाऊन देवासमोर बसल्या. त्या घरात आम्ही दोघी त्या संध्याकाळी एकमेकींवर रागावलेल्या होतो आणि दोघींचंही बरोबर होतं. पण चूक कुणाची असेल तर माझी होती. ज्या बाईच्या ताब्यात फ्रीज, तिलाच मी अंधारात ठेवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मुंबईला रक्त द्यायला निघाले, तर सासूबाई साडी बदलून दारात. "डबा जड असतो," म्हणाल्या. डबा थर्माकोलचा, कसला जड? त्यांना बघायचं होतं खरंच रक्त काढतात की मी त्यांना बनवते आहे. तिथे आधी बोटाला टोचून तपासलं आणि डॉक्टरबाईंनी मान हलवली. हिमोग्लोबिन खाली आलंय, आत्ता रक्त काढता येणार नाही. गोळ्या घ्या, नीट खा, तीन आठवड्यांनी या.

"तीन आठवडे मी काय करू?" मी विचारलं. दिवाळीचा माल नुकताच सुरू झाला होता. वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेव्हाच असतं.

"सलाइन वाढवा. डोळ्यांना विश्रांती द्या."

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि पदर सावरून दंड पुढे केला. "माझा घ्या. माझा भरपूर हाय." डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, वय विचारलं, आणि समजावलं की ज्याचं त्याला लागतं, त्यात धोका कमी. मग मला विचारलं, मांसाहार करता का? करत असाल तर कलेजी खा, पालेभाज्या खा, वर लिंबू घ्या. मी सासूबाईंकडे बघून हळूच म्हटलं, "श्रावण चालू आहे, गोळ्यांवरच भागवीन." येताना अख्ख्या वाटेत सासूबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

कारखान्यात मी कुणाला काही सांगितलं नाही. पण चौथ्या दिवशी डोळे ट्यूबलाइटकडे बघेनात. दहा पीस बघितले की पापण्या आपोआप मिटायच्या. टेबल जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, बाकी काही दिसत नसलं तरी. मग रागाने एक पँट उलटी करून डोळे मिटूनच हात फिरवला. आतली शिलाई बोटाखालून जात होती, आणि एका जागी बोट घसरलं. डोळे उघडले, तर टाका सुटलेला. इतकी वर्षं मी बघते असं मला वाटत होतं, बोटं आपली मुकाट्याने सोबत काम करत होती. मी पद्धत बसवली. वीस पीस डोळे मिटून, फक्त बोटांनी: शिलाई, खिसे, चेन, बटणाची पकड. मग सलाइनने डोळे धुवायचे आणि डोळे ताजे असेपर्यंत त्या वीसच्या वीस पँटी उजेडात धरून डाग आणि रंग बघून घ्यायचे. मग पुन्हा मिटायचे.

दुसऱ्या दिवशी शेठ मागे येऊन उभे राहिले. मला कळलंच नाही. "अदी, सोती है क्या? सीझनमध्ये?"

मी डोळे न उघडता हातातली पँट त्यांच्याकडे फेकली. "आल्टर. उजवा खिसा, आतून, तळाशी."

त्यांनी खिसा उलटा केला. तळाला करंगळी जाईल एवढं भोक होतं. मग त्यांनी आणखी दोन-तीन पँटी आधीच्या पास केलेल्या ढिगातून उपसून बघितल्या, आणि ते निघून गेले. संध्याकाळी माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट अर्धी झाकलेली होती, पुठ्ठा लावून. तो पुठ्ठा कुणी लावला हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्याच सोमवारी मला अर्धी सुट्टी होती. दुपारी घराचा जिना चढताना वास आला. आलं-लसूण, गरम मसाला. मला वाटलं वरच्या मजल्यावरून येतोय, तिथे कुणी श्रावण पाळत नाही. दार उघडलं तर वास आमच्याच घरातून येत होता, गॅलरीतून. तिथे सासूबाई बसल्या होत्या, पहाटेची शिवमंदिराची रांग लावून आलेल्या, कपाळावर भस्म तसंच, पुढ्यात गावाकडची जुनी शेगडी आणि तिच्यावर काळं पडलेलं एक पातेलं.

"आत ओट्यावर नाय करत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हात धुऊन ये. गरम खा."

श्रावणात, सोमवारी, आमच्या घरात कलेजी शिजली होती. सकाळी दर्शन घेऊन परतताना त्या स्वतः कापडी पिशवी घेऊन मटणवाल्याकडे गेल्या होत्या. तो त्यांना ओळखतो. त्याने दोनदा विचारलं, आजी, आज नक्की द्यायचं ना.

"आई, तुमचा श्रावण?"

"माझा चालू हाय. मी कुठं खाल्ली?" मग जरा थांबून म्हणाल्या, "देवाला सांगून आले. त्याला म्हटला, तुझ्यासाठी फ्रीज धुतला, आणि माझ्या सुनेचे डोळे धुऊन निघाले. आता ह्या मी भरून काढते. तुला चालत असला तर बघ, नसला तर माझ्यावर लाव."

मी जेवायला बसले. मीठ कमी पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंच्या हातच्या रश्शाला मीठ कमी पडलं, कारण उपासाच्या तोंडाने चाखून बघता येत नव्हतं. मी वरून मीठ मागितलं नाही. पातेलं पुसून खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्यामुळे सासूबाईंना कळलं नसेल म्हणून तिथेच तोंडाने सांगितलं, की आई, मला रडायला येतंय. त्या म्हणाल्या, "आधी जेव."

पुढचे दोन आठवडे ती शेगडी एक दिवसाआड पेटली. सोबत नाचणीची भाकरी, अळीवाची खीर, आणि गोळी घेतली का म्हणून सकाळ-संध्याकाळ चौकशी. भिंतीवरच्या माझ्या तक्त्यावर त्यांनी स्वतःचा एक रकाना आखला, आणि लिहिता येत नाही म्हणून त्यात कुंकवाचं बोट लावायला सुरुवात केली. रक्त वाढलं. इस्पितळात ते काढताना सासूबाई शेजारी उभ्या राहून नळीकडे एकटक बघत होत्या, शेत भरताना पाटाचं पाणी बघावं तशा. भरलेल्या बाटल्यांचा डबा त्यांनी कुणाला धरू दिला नाही. घरी आल्यावर फ्रीजरमध्ये रचल्या त्याही त्यांनीच, आडव्या. नैवेद्याच्या दुधाचं पातेलं मी खालच्या कप्प्यात हलवायला गेले, तर म्हणाल्या, राहू दे तिथंच.

दिवाळीचा माल गेला आणि त्यातलं काही परत आलं नाही. शेठनी मला तसं सांगितलं नाही. त्यांनी एका नव्या मुलीला माझ्या टेबलापाशी आणून उभं केलं आणि तिला म्हणाले, "अदी जशी आँख बंद करून करते ना, तसं शिकून घे." मी तिला पहिल्याच दिवशी एकच ढीग तीनदा तपासायला लावला. शिकेल. पोरीची बोटं चांगली आहेत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातली हत्यारं पुजतात. पाटावर लाल कापड, त्यावर नवऱ्याचे नट आवळायचे पाने, गावाहून आणलेला सासूबाईंचा विळा, माझी धागे कापायची छोटी कात्री. मी झेंडूची तोरणं बांधून आत आले तर कात्रीच्या शेजारी एक वाटी होती. वाटीत बर्फाचे खडे, आणि खड्यांत रोवलेली माझी उघडलेली बाटली, फ्रीजच्या खालच्या भागातली. सासूबाईंनी तिला वरून हळद-कुंकू लावलं होतं, झाकणाला नाही, लेबलच्या खाली, जपून.

नवरा आरतीचं ताट घेऊन उभा राहिला. त्याला आरत्या आवडतात, एरवी दहा शब्द बोलणारा माणूस आरतीत थांबत नाही. तो दुसरी आरती सुरू करणार तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातातून ताट काढून घेतलं.

"बास झाली," त्या म्हणाल्या. "देव थांबेल. बरफ वितळतोय."

आणि ती वाटी उचलून, पदराने झाकून, त्या भराभर फ्रीजकडे गेल्या.